ट्रॉलीचा ब्रेक : निवड आणि निगा

दिवाळी सरली, की लातूर आणि नांदेड जिल्ह्यांतील रस्त्यांचे रूप पालटते. फडाफडांतून ऊसतोड सुरू होते आणि मांजरा, रेणा, विकास, भाऊराव चव्हाण आदी साखर कारखान्यांच्या दिशेने उसाने लादलेल्या ट्रॉल्यांची रीघ लागते. पुढे होळीपर्यंत, पीक चांगले असेल तर त्यानंतरही, ही वाहतूक रात्रंदिवस चालू राहते. या ट्रॉल्यांवर हजारो कुटुंबांचे वर्षाचे उत्पन्न लादलेले असते. त्या सुखरूप पोहोचाव्यात यात शेतकऱ्याचे, कारखान्याचे आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाचे हित आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. दौऱ्यावरून परतताना संध्याकाळच्या वेळी आमची जीप एका चढावर अशाच दोन ट्रॉल्यांच्या मागे होती. चढ निम्मा झाला असेल-नसेल, तोच ट्रॅक्टर बंद पडला आणि सगळी गाडी हळूहळू मागे सरकू लागली. ट्रॅक्टरवरील मदतनिसाने उडी टाकून चाकामागे दगड लावला. तो निसटला. दुसरा मोठा दगड लावल्यावर गाडी थांबली. तोपर्यंत आमच्या चालकाने जीप बरीच मागे घेतली होती, म्हणून निभावले. मागाहून चौकशी करता समजले, की मागील ट्रॉलीस ब्रेक मुळी नव्हताच. पुढील ट्रॉलीस तो होता; परंतु पावसाळाभर उघड्यावर राहिल्याने गंजून ड्रमला धरून बसला होता आणि चाक फिरेना म्हणून मालकाने तो सोडवून टाकला होता.

प्रस्तुत लेखाचा विषय याच दोन गोष्टींशी निगडित आहे. पहिली, ट्रॉलीस स्वतःचा ब्रेक असणे. आणि दुसरी, असलेला ब्रेक गंजू न देणे. पहिल्या गोष्टीची चर्चा अधूनमधून होते. दुसरीची फारशी होत नाही. वस्तुतः ब्रेक घेणे हे निम्मेच काम असून उरलेले निम्मे त्याच्या निगेत आहे.

ट्रॅक्टरचा ब्रेक का पुरत नाही

सर्वसाधारण समज असा, की ट्रॅक्टर बलवान असल्याने तो जे ओढू शकतो ते थांबवूही शकतो. हा समज चुकीचा आहे. ओढण्याची शक्ती इंजिनातून येते, तर थांबण्याची शक्ती चाक आणि रस्ता यांच्या पकडीतून येते. आणि ही पकड चाकावर पडणाऱ्या भारावर अवलंबून असते. आपल्याकडील बहुतेक ट्रॅक्टरांना ब्रेक केवळ मागील दोन चाकांना असतो. म्हणजे संपूर्ण गाडीचा भार एकीकडे आणि तो थांबवणारी दोन चाके दुसरीकडे, असा हा व्यवहार आहे.

उदाहरणादाखल काही आकडे घेऊ. ट्रॅक्टरचे वजन २ टन आणि दोन ट्रॉल्या व त्यांतील ऊस मिळून १२ टन, असा एकूण १४ टन भार धरू. ट्रॅक्टरच्या मागील चाकांवर दीड टन भार असेल, तर कोरड्या डांबरी रस्त्यावर ती चाके फार तर सुमारे १ टन वजनाइतकी ओढ धरू शकतात. १४ टनांना १ टनाची ओढ थांबवणार! गणित मांडल्यास असे दिसते, की ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारी ही गाडी ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंत सुमारे २२ मीटर पुढे जाईल. वेग ताशी ३० किलोमीटर असेल तर हेच अंतर सुमारे ५० मीटर होईल. वेग दीडपट झाला, तर थांबण्याचे अंतर सव्वादोन पट होते, ही बाब चालकांनी लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. चालकाच्या लक्षात धोका येऊन त्याचा पाय पेडलवर पडेपर्यंत जे अंतर कापले जाते, ते यात धरलेले नाही.

आता ट्रॉल्यांच्या चाकांनाही ब्रेक आहेत आणि सर्व चाके मिळून ४ टनांची ओढ धरतात असे समजू. ताशी २० किलोमीटर वेगाची तीच गाडी सुमारे साडेपाच मीटरमध्ये उभी राहील. अंतर चौथाईवर आले. रस्त्यात एखादे पोर आडवे आले, तर २२ मीटर आणि साडेपाच मीटर यांतील फरक काय असतो, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

उतारावर परिस्थिती याहूनही बिकट होते. २० मीटर अंतरात १ मीटर उतरणाऱ्या रस्त्यावर १४ टनांची गाडी स्वतःच्या वजनानेच ७०० किलोंच्या ओढीने खाली जाऊ पाहते. ट्रॅक्टरच्या १ टन ओढीपैकी ३०० किलोच शिल्लक उरतात आणि २२ मीटरांचे अंतर ७० मीटरांच्या वर जाते. उतार १४ मीटरांत १ मीटर झाला, की शिल्लक काहीच उरत नाही. मग चालकाने पेडलवर कितीही जोर दिला तरी गाडी थांबणार नाही. बालाघाटाच्या डोंगररांगांतून किंवा किनवट-माहूरच्या डोंगराळ भागातून जाणाऱ्या रस्त्यांवर असे चढउतार नवीन नाहीत.

याखेरीज आणखी एक धोका असतो. ट्रॅक्टर थांबू लागला आणि ट्रॉली थांबली नाही, तर ती मागून ट्रॅक्टरला ढकलते. रस्ता वळणाचा असेल तर हूकपाशी गाडी मुडपते आणि ट्रॅक्टर आडवा होतो किंवा उलटतो. यासाठी दोन ट्रॉल्यांपैकी केवळ पुढचीला ब्रेक असून भागत नाही. मागची ट्रॉली ब्रेकविना असेल, तर ती पुढचीला ढकलीत राहते.

खारे पाणी आपल्या दारी

ज्यांनी कोकणात समुद्रकिनारी नावा पाण्यात सोडताना पाहिल्या असतील, त्यांना नावेची ट्रॉली ठाऊक असेल. नाव पाण्यावर तरंगेपर्यंत ट्रॉली मागे ढकलावी लागते. त्यामुळे तिची चाके, हब आणि ब्रेक थेट खाऱ्या पाण्यात बुडतात. जगभर नावांच्या ट्रॉल्या वापरणाऱ्यांची मोठी तक्रार ब्रेक झिजण्याची नसून ब्रेक गंजण्याची असते. लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू एकत्र आले की गंज चढतोच; परंतु पाण्यात मीठ असेल तर ही क्रिया झपाट्याने होते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. मिठातील क्लोराइड हा घटक लोखंडावरील संरक्षक थर फोडून आत शिरतो. शिवाय असे क्षार हवेतील ओलावा शोषून घेतात, त्यामुळे वरून कोरडे दिसणारे लोखंड आतून दमटच राहते.

लातूर-नांदेडपासून समुद्र चारएकशे किलोमीटर दूर आहे; तेव्हा या गोष्टीचा आपल्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. परंतु ट्रॉलीतून वर्षभर काय काय वाहून नेले जाते ते पाहावे. म्युरेट ऑफ पोटॅश हे खत म्हणजे रसायनशास्त्राच्या भाषेत पोटॅशियम क्लोराइड होय. समुद्राच्या मिठातील जो क्लोराइड किनाऱ्यावरील ब्रेक खातो, तोच या खताच्या फाटक्या पोत्यातून सांडून आपल्या ट्रॉलीच्या फटींत जाऊन बसतो. अमोनियायुक्त खतेही लोखंडास अपायकारक असतात. शेणखतात ओलावा आणि क्षार दोन्ही असतात. उसाचा रस आंबला की आम्ल होते. कारखान्यातून परतताना भरून आणलेली ओली प्रेसमड, नदीपात्रातील ओली वाळू, आणि सर्वांत मुख्य म्हणजे चाकाला लिंपून बसणारी काळी माती, या सर्वांमुळे ब्रेकचे लोखंड दिवसेंदिवस ओले राहते. काही गावांत ट्रॉली धुण्यासाठी वापरले जाणारे बोअरचे पाणीही मचूळ असते.

म्हणून किनाऱ्यावरच्या लोकांनी खाऱ्या पाण्यापासून ब्रेक वाचवण्यासाठी जे उपाय शोधले, ते आपणांसही उपयोगी पडण्यासारखे आहेत.

ब्रेकचे प्रकार

ट्रॉलीच्या ब्रेकचे प्रमुख प्रकार पुढीलप्रमाणे आहेत.

१. ढकल-ब्रेक : यात ट्रॉलीच्या दांड्याचा पुढील भाग मागेपुढे सरकणारा असतो. ट्रॅक्टर मंदावला, की ट्रॉली त्याला ढकलते. त्या ढकलीनेच सळई किंवा तार ओढली जाऊन, अथवा तेलावर दाब येऊन, ट्रॉलीचा ब्रेक लागतो. ट्रॅक्टरला कोणतीही जोडणी करावी लागत नाही, ही याची सोय होय. लहान नावांच्या ट्रॉल्यांना पुष्कळदा हाच ब्रेक असतो. मात्र तो हलक्या भाराच्या एकेरी ट्रॉलीसच योग्य आहे. गाडी मागे घेताना तो लागू नये यासाठी निराळी व्यवस्था आहे किंवा नाही, हे घेतानाच पाहावे.

२. हायड्रॉलिक ब्रेक : ट्रॅक्टरवर बसवलेल्या खास झडपेतून दाबाखालील तेल नळीने ट्रॉलीच्या ब्रेकपर्यंत जाते. जड ट्रॉलीस हा उपयुक्त आहे. मात्र अवजारे उचलणाऱ्या हायड्रॉलिकची नळी तशीच ट्रॉलीच्या ब्रेकला जोडणे धोक्याचे आहे. पायाच्या दाबाप्रमाणे कमीअधिक ब्रेक लागावा यासाठी ब्रेकचीच झडप असावी लागते.

३. हवेचा ब्रेक : ट्रॅक्टरवरील कॉम्प्रेसर टाकीत हवा भरतो आणि त्या हवेच्या दाबाने ब्रेक लागतो. दोन नळ्यांच्या पद्धतीत ट्रॉली सुटली किंवा पुरवठ्याची नळी तुटली, तर ब्रेक आपोआप लागतो. दोन ट्रॉल्यांच्या जड वाहतुकीस हा सर्वांत भरवशाचा होय. तो खर्चिक असतो आणि त्याच्या टाकीत साचणारे पाणी रोज काढावे लागते.

४. विजेवर चालणारा ब्रेक : परदेशांत घरगुती ट्रॉल्यांना हा असतो. त्यातील चुंबक आणि तारा पाण्याने व क्षाराने लवकर खराब होतात. पाण्यात बुडणाऱ्या किंवा खत वाहणाऱ्या ट्रॉलीसाठी त्याचा विचार करू नये.

यांपैकी कोणताही ब्रेक असला, तरी ट्रॉली उभी करण्यासाठी हाताने ओढावयाचा स्वतंत्र ब्रेक असणे आवश्यक आहे. हूकची पिन निसटली तर ट्रॉली सुटून जाऊ नये म्हणून मजबूत साखळीही असावी.

ड्रम की डिस्क

ब्रेक चाकापाशी कसा धरतो, यावरून त्याचे दोन प्रकार पडतात. ड्रम ब्रेकमध्ये लायनर लावलेले शू बंद ड्रमच्या आतून बाहेर दाबले जातात. डिस्क ब्रेकमध्ये उघड्या फिरत्या तबकडीला दोन्ही बाजूंनी पॅड आवळतात.

शेतीच्या ट्रॉल्यांना बहुधा ड्रम ब्रेक असतो आणि जड भाराला तो चांगला आहे. त्याचे सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात आणि गावचा मिस्त्रीही तो उघडू शकतो. चिखल आणि पाचट यांपासून त्याचा काही अंशी बचाव होतो. परंतु एकदा पाणी आत शिरले, की ते लवकर बाहेर पडत नाही. ओले लायनर नीट धरीत नाही. क्षार आतच साचून राहतो. शूच्या पोलादावर गंज चढला, की तो फुगतो आणि चिकटवलेले लायनर सुटून येते. डिस्क ब्रेक उघडा असल्याने साध्या पाण्याने सहज धुतला जातो आणि लवकर सुकतो. याच कारणाने खाऱ्या पाण्यात जाणाऱ्या नावेच्या ट्रॉलीसाठी जाणकार डिस्क ब्रेकची शिफारस करतात. तबकडी, कॅलिपर आणि त्याचे खिळे न गंजणाऱ्या पोलादाचे असतील तर उत्तम. निदान जस्ताचा मुलामा दिलेले तरी असावेत. ओतीव लोखंडाची उघडी तबकडी किनाऱ्यावर फार दिवस टिकत नाही.

यावरून निवडीचा साधा निकष मिळतो. ट्रॉली मुद्दाम पाण्यात उतरवली जाणार असेल, तर डिस्क. ऊस, धान्य, खत यांसाठी असेल, तर चांगल्या प्रतीचा ड्रम. मात्र तो वर्षातून एकदा उघडून साफ करण्याची तयारी हवी. दोन्ही बाबतीत नट-बोल्ट, स्प्रिंगा व कड्या जस्ताचा मुलामा दिलेल्या घ्याव्यात. ब्रेकच्या तेलाची नळी साध्या पोलादाची असेल, तर ती आतबाहेर गंजते. तांबे-निकेल मिश्रधातूची नळी अधिक टिकते.

खरेदी करताना पाच गोष्टी विचारून घ्याव्यात. ब्रेक किती टन भारासाठी बनवला आहे? तो सर्व चाकांना आहे, की एकाच ॲक्सलला? आपल्या ट्रॅक्टरवर त्याची जोडणी करण्याची सोय आहे काय? नळी तुटल्यास ट्रॉली थांबण्याची कोणती व्यवस्था आहे? आणि लायनर, सील व स्प्रिंगा जवळच्या गावी मिळतील काय? पाचव्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तर ब्रेक कितीही उत्तम असला तरी दोन हंगामांनंतर तो सोडवून टाकला जाण्याचीच शक्यता अधिक.

रोजची निगा

भरलेली ट्रॉली फडातून रस्त्यावर काढण्यापूर्वी चालकाने पाच मिनिटे खर्ची घालावीत. हूकची पिन आणि तिची खिट्टी जागेवर आहे, साखळी अडकवलेली आहे, नळ्यांतून तेल किंवा हवा गळत नाही, हे पाहावे. सपाट जागी माणसाच्या चालीइतक्या वेगाने दहा-वीस पावले जाऊन ब्रेक दाबून पाहावा. ट्रॉली मागून धक्का देत असेल, तर तिचा ब्रेक कमी लागतो आहे असे समजावे. गाडी एका अंगाला ओढत असेल, तर एका बाजूचा ब्रेक अधिक धरतो आहे.

ट्रॅक्टरच्या ब्रेकला डावे आणि उजवे अशी दोन पेडल असतात. शेतात वळताना ती वेगवेगळी वापरतात. रस्त्यावर येताना ती खिट्टीने एकत्र जोडणे अत्यावश्यक आहे. भरल्या ट्रॉलीनिशी एकच पेडल दाबले गेले, तर ट्रॅक्टर जागच्या जागी वळून उलटू शकतो.

उतार लागण्यापूर्वीच गिअर बदलून खालच्या गिअरमध्ये यावे आणि इंजिनचा रोध वापरावा. डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची सवय अनेक अपघातांचे मूळ ठरते. उतार संपल्यावर गाडी बाजूस घेऊन प्रत्येक ड्रमजवळ हात नेऊन पाहावा. हात लावू नये, ड्रम भाजण्याइतका तापलेला असतो. सर्व ड्रम सारखेच तापले असतील तर काम ठीक चालले आहे. एखादा थंड असेल, तर तो ब्रेक काम करीत नाही. एखादा फारच तापला असेल, तर तो अडकून घासतो आहे. अशा ड्रमला गुंडाळलेले वाळके पाचट पेट घेऊ शकते.

खत, प्रेसमड किंवा ओली वाळू वाहिल्यावर त्याच दिवशी ट्रॉली खालून, चाकांच्या आतल्या बाजूने, गोड्या पाण्याने धुवावी. मात्र तापलेल्या ड्रमवर थंड पाणी टाकू नये. त्याला तडा जाऊ शकतो. धुतल्यानंतर थोडे अंतर गाडी चालवून हलकेच ब्रेक दाबीत राहावे, म्हणजे लायनर घर्षणाने सुकते.

महिन्यातून एकदा प्रत्येक चाक जॅकवर उचलून हाताने फिरवून पाहावे. जॅकवर उचललेल्या ट्रॉलीखाली भक्कम ठोकळे दिल्याशिवाय कोणीही शिरू नये. लायनर ड्रमला टेकेपर्यंत आवळून मग चाक मोकळे फिरेल इतपत ढिले करावे. दोन्ही बाजूंचे अंतर सारखे असावे.

हंगाम संपल्यावर

ब्रेकचे खरे नुकसान वापरात कमी आणि पडून राहण्यात अधिक होते. हंगाम संपला, की ट्रॉली बांधावर उभी राहते. पावसाळ्याचे चार महिने ती भिजते आणि दिवाळीनंतर घाईघाईने जुंपली जाते. हे टाळण्यासाठी हंगामाच्या अखेरीस पुढील कामे करून घ्यावीत.

ड्रम काढून आतील माती व गंज साफ करावा. ही धूळ हवेच्या नळीने किंवा फुंकरीने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि त्याची धूळ फुप्फुसांस घातक असते. ओल्या फडक्याने पुसून ते फडके पुरून टाकावे. लायनर रिबिटांपर्यंत झिजले असेल, सुटले असेल किंवा त्यावर तेल-ग्रीस मुरले असेल, तर दोन्ही बाजूंची लायनरे एकदम बदलावीत. शू ज्या खिळ्यावर आणि कॅमवर फिरतात, तेथे अगदी थोडे ग्रीस लावावे. लायनर आणि ड्रमच्या पृष्ठभागाला ग्रीसचा स्पर्शही होऊ देऊ नये. बेअरिंगे धुऊन नवे ग्रीस भरावे आणि सील बदलावे.

तेलाच्या ब्रेकविषयी एक गोष्ट फारशी माहीत नसते. मोटारींत वापरले जाणारे नेहमीचे ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. ते पाणीदार झाले, की लवकर उकळते आणि सिलिंडरला आतून गंज चढतो. म्हणून साधारणतः दोन वर्षांनी ते पूर्णपणे बदलावे. उघडा राहिलेला डबा पुढच्या वर्षी वापरू नये. त्याच्याऐवजी इंजिन ऑइल घालणे तर सर्वथा वर्ज्य समजावे. त्याने रबरी वायसर फुगून ब्रेक निकामी होतो. मात्र ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक तेलावर चालणाऱ्या ब्रेकचे तेल निराळे असते. त्यात ब्रेक ऑइल घालू नये. कोणत्या ब्रेकला कोणते तेल, हे बनवणाऱ्याने दिलेल्या पुस्तिकेत पाहावे.

शेवटी ट्रॉली शेडमध्ये, निदान उंचवट्याच्या कोरड्या जागी, ठोकळ्यांवर उभी करावी आणि हातब्रेक ढिला सोडून चाकांना अडण लावावी. ब्रेक आवळून ठेवल्यास लायनर गंजून ड्रमला चिकटते. महिन्यातून एकदा चाके हाताने फिरवावीत. एवढ्याने दिवाळीनंतरची निम्मी दुरुस्ती वाचते.

बचाव पथकाची नाव

नावेच्या ट्रॉलीचा उल्लेख वर आला. तो आपल्या भागास अगदीच परका नाही. गोदावरी, मांजरा, तेरणा, मन्याड, लेंडी या नद्यांच्या काठी पूर नवा नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात पुराने वेढलेल्या गावांतील लोकांना बाहेर काढण्यासाठी राज्य आपत्ती प्रतिसाद दलाबरोबर लष्करासही पाचारण करावे लागले. अशा प्रसंगी नाव गावापर्यंत रस्त्यानेच न्यावी लागते. नाव नीट असली, इंजिन चालू असले, परंतु वर्षभर एका जागी उभ्या असलेल्या ट्रॉलीचे चाक गंजून धरले असेल, तर मोलाचा वेळ तेथेच जातो. भर पावसात, घाईने, निसरड्या रस्त्यावरून नेताना तिचा ब्रेक लागला नाही, तर मदत करणारेच संकटात सापडतात.

म्हणून ज्या कार्यालयांकडे, नगरपालिकांकडे किंवा अग्निशमन दलांकडे नावा आहेत, त्यांनी मे महिन्यातील मान्सूनपूर्व तपासणीत नावेबरोबर ट्रॉलीचीही नोंद घ्यावी. ट्रॉली प्रत्यक्ष ओढून, ब्रेक लावून पाहावा. रस्त्याने आल्यावर हब तापलेले असतात. तसेच पाण्यात घातल्यास ते एकदम थंड होऊन सीलमधून पाणी आत ओढून घेतात. आणीबाणीत थांबणे शक्य नसते. परंतु सरावाच्या वेळी हब निवल्यावरच ट्रॉली पाण्यात उतरवावी. पुराचे पाणी खारे नसले तरी गाळाचे आणि घाणीचे असते. काम संपल्यावर ट्रॉली स्वच्छ पाण्याने धुऊन बेअरिंगचे ग्रीस तपासावे.

कायदा आणि गाव

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील व्याख्येनुसार ट्रेलर हेदेखील मोटार वाहनच आहे. ट्रॉली म्हणजे ट्रॅक्टरचे शेपूट, तिला निराळे कायदेकानू कशाला, ही समजूत बरोबर नव्हे. तिची नोंदणी, तिचे दिवे व परावर्तक आणि तिची सुस्थिती ही मालकाची जबाबदारी आहे.

परंतु प्रत्येक ट्रॉलीमागे अधिकारी उभा करता येत नाही. येथे ग्रामपंचायतीचे काम सुरू होते. गाळप हंगामापूर्वी गावातील ट्रॉल्यांची एक यादी करावी आणि प्रत्येकीपुढे तीनच गोष्टी नोंदवाव्यात : ब्रेक आहे काय, तो लागतो काय, मागे परावर्तक आहे काय. जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील निदेशक व विद्यार्थी यांना एक दिवस गावात बोलावून तपासणी करवून घेता येईल. विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष काम शिकावयास मिळेल आणि मालकांना दोष समजेल. कारखान्यांनाही वाहतुकीचे करार करताना ब्रेक असलेल्या ट्रॉल्यांस प्राधान्य देता येण्यासारखे आहे.

चाकाला लावलेला दगड हा ज्याला ब्रेक नाही त्याचा ब्रेक होय. गाडी निघून जाते आणि दगड रस्त्यात राहतो. रात्री येणारा मोटारसायकलस्वार त्यावर आदळतो. प्रत्येक ट्रॉलीबरोबर दोरी बांधलेले दोन लाकडी ठोकळे असावेत. दोरी ट्रॉलीला बांधलेली असली, म्हणजे ठोकळा मागे राहणार नाही. याला खर्च जवळजवळ नाही.

शिक्षकांकडेही एक विनंती आहे. हंगामात शाळा सुटताना मुले चालत्या ट्रॉलीमागे धावतात, उसाचे कांडे ओढतात, प्रसंगी हूकच्या दांड्यावर पाय ठेवून लोंबकळतात. गोडी उसाची असते. परंतु ती गाडी त्यांच्यासाठी थांबू शकत नाही. २२ मीटर म्हणजे किती, हे शाळेच्या पटांगणावर टेप धरून मुलांकडूनच मोजून घ्यावे. एका टोकाला ट्रॅक्टर आणि दुसऱ्या टोकाला आपण, असे उभे राहिल्यावर जे समजेल ते पाटीवर लिहून समजणार नाही. आठवीच्या पुढील वर्गांना घर्षण, वेग आणि गंज हे तिन्ही धडे या एकाच ट्रॉलीवर शिकवता येतील.

पुढील हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक गावाने आपल्या ट्रॉल्यांची चाके एकदा उचलून, फिरवून पाहावीत. जे चाक फिरत नाही आणि जे थांबत नाही, ती दोन्ही दुरुस्त करून मगच पहिली मोळी ट्रॉलीत पडावी.